श्रीफळ घ्या, पुढचं तुमचं तुम्ही बघा

दहावीचा निकाल लागला की आमच्या सातारा-सांगलीत गुणवंतांचा हंगाम सुरू होतो. नगरपालिका, महापालिका, पतसंस्था, गणेश मंडळ, ज्ञातीची संस्था, पक्षाची युवा आघाडी, क्लासवाले, सराफ आणि ज्यांना यंदा तिकीट हवं आहे ते सगळे या हंगामात उतरतात. कार्यक्रमाचं नाव सगळीकडे एकच, 'गुणवंत विद्यार्थी गौरव समारंभ'. अट किमान ८५ टक्क्यांची, जरा वजनदार आयोजक असेल तर नव्वदची. गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट फोटो अमुक तारखेच्या आत संपर्क कार्यालयात जमा करावेत. म्हणजे सत्कार हवा असेल तर त्यासाठी आधी अर्ज करायचा. मान मागून घ्यायची ही रीत कुणी काढली माहीत नाही, पण ती आता कुणाला खटकत नाही.

मी आयुष्यभर गणित शिकवलं, काही वर्षं कृष्णेच्या अलीकडे, काही पलीकडे. निवृत्त झाल्यावर या मंचांवर 'ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ' म्हणून बसायची पाळी आली. शिक्षणतज्ज्ञ मी नाही. मंचावर एक पांढऱ्या केसांचा, पक्ष नसलेला माणूस लागतो, तेवढी जागा मी भरतो. त्या खुर्चीवरून जे दिसतं ते आज लिहितो आहे. लिहिल्यावर खुर्ची मिळणार नाही, तर नको.

फ्लेक्सपासून सुरुवात करू, कारण कार्यक्रमाचीही तिथूनच होते. सगळ्यात वर मोठे साहेब, त्यांच्याखाली धाकटे साहेब, मग दोन्ही बाजूंना हात जोडलेले, हात उंचावलेले, मोबाइल कानाला लावलेले दादा, आबा, आण्णा, बापू. वरच्या कोपऱ्यात बोटभर आकाराचे फुले, शाहू, आंबेडकर आणि कर्मवीर. विद्यार्थ्यांची नावं नसतात. 'गुणवंत विद्यार्थी' एवढे दोन शब्द असतात, ते पुरतात.

पत्रिकेवर वेळ सकाळी दहाची. मुलं साडेनऊला येतात, कारण ती गुणवंत आहेत. पाहुणे साडेबाराला येतात, कारण ते पाहुणे आहेत. मधले तीन तास निवेदक 'अवघ्या काही क्षणांत' म्हणत राहतो. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि त्यानंतर सत्कार. कुणाचे? पाहुण्यांचे. अध्यक्षांचा सत्कार उपाध्यक्षांच्या हस्ते, उपाध्यक्षांचा सचिवांच्या हस्ते, सचिवांचा हॉल दिलेल्या मालकांच्या हस्ते. फेटे बांधले जातात, शाली पांघरल्या जातात, नारळ या हातातून त्या हातात फिरतात. ज्यांच्या नावाने मांडव घातला ती पोरं खाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून हे बघत असतात. सातारच्या शाहू कला मंदिरात बघा, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात बघा, क्रम चुकत नाही. नाट्यमंदिराची निवड मात्र अचूक असते.

मुलांची पाळी येते तेव्हा घाई झालेली असते, कारण साहेबांना पुढे दुसरा सत्कार असतो. 'दहा-दहाच्या गटाने या, घ्या, फोटोला थांबा, खाली उतरा.' प्रशस्तिपत्रकावर देणाऱ्याचं नाव ठळक छापलेलं असतं आणि घेणाऱ्याचं टिंबांच्या रेघेवर बॉलपेनने लिहिलेलं, बहुधा आडनाव चुकवून. फोटोग्राफर 'इकडं बघा' म्हणतो. साहेब कॅमेऱ्याकडे बघतात, मूलही कॅमेऱ्याकडे बघतं. एकमेकांकडे कुणीच बघत नाही. मी एवढ्या मंचांवर बसलो, पण 'बाळ, पुढं काय करणार, फीचं काय केलंस' असं एखाद्या नेत्याने एखाद्या पोराला थांबवून विचारलेलं मला आठवत नाही.

एकदा हळदीच्या गोदामात काम करणारी एक बाई मुलीबरोबर आली होती. माझ्या शेजारून जाताना हळूच म्हणाली, "सर, एक वाजाय आला. निम्मा रोज तर गेलाच. आता जेवणानंतर तरी घेतील का वो कामावर?" मी काय सांगणार? तिच्या मुलीला त्या दिवशी एक पेन, एक फाइल आणि फायबरचं एक सन्मानचिन्ह मिळालं. आईचा बुडालेला रोज त्यात धरला तर सौदा आतबट्ट्याचाच झाला.

हे बोललं की लगेच उत्तर येतं, "सर, तुम्हाला सगळ्यात खोटच दिसते. लेकरांना बरं वाटतं, आईबापाच्या डोळ्यांत पाणी येतं." येतं, आणि ते पाणी खरं असतं. ज्या घरात आजवर कुणाचं नाव माइकवर घेतलं गेलं नाही, त्या घरातल्या पोरीचं नाव भर सभेत पुकारलं जातं, ही लहान गोष्ट नव्हे. माझा राग त्यावर नाहीच. एवढा खरा आनंद इतक्या स्वस्तात विकत घेऊन तो आपल्या निवडणुकीच्या खात्यावर जमा करणाऱ्यांवर माझा राग आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली, साताऱ्याच्या पालिकेची त्याआधीच, २०२१ च्या अखेरीस. मग वर्षानुवर्षं प्रशासक होते. नगरसेवक नव्हते, पण गुणवंतांचे सत्कार मात्र थांबले नाहीत, उलट फोफावले. 'माजी', 'भावी' आणि 'इच्छुक' अशी सगळी मंडळी एकाच पोराला तीन-तीन वेळा शाल पांघरत होती. गटार तुंबल्याची तक्रार कुणाकडे करायची हे कळत नव्हतं, पण नव्वद टक्क्यांची खबर घ्यायला माणूस दारात हजर.

आता त्या ८५ टक्क्यांकडे येतो, कारण ते माझं क्षेत्र आहे. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली ७७.१०. २०२० साली ९५.३०. या तीन वर्षांत महाराष्ट्रातली पोरं आधी हुशार होती, मग एकदम ढ झाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा अतिहुशार झाली, असं कुणाला मानायचं असेल तर खुशाल मानावं. घडलं ते असं की २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत २० गुण काढून टाकले होते. ओरड झाली, गुण परत आले, निकाल वर गेला. २०२१ साली करोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा निकाल ९९.९५ टक्के. मे २०२५ च्या निकालात राज्याचा आकडा ९४.१०. शंभर टक्के मिळवणारे २११ जण आणि त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. सहा विषयांतले उत्तम पाच धरायचे, त्यात चित्रकलेचे, लोककलेचे, खेळाचे वाढीव गुण घालायचे, की शंभरी भरते. मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली त्याला बरीच वर्षं लोटली. हेतू असा की एकेका गुणासाठी पोरांची झुंज लावू नये. आम्ही तीच यादी चौकाचौकांत फ्लेक्सवर पुन्हा उभी केली.

गुण खोटे असतात असं मी म्हणत नाही. गणिताचा माणूस आकड्याचा अपमान करत नाही, पण आकडा कशाचा आहे हे तरी विचारतो. ८५ च्या वर कोण बसतं हे मी वर्गात बघितलं आहे. ज्याच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली नसली तरी वेगळा कोपरा आहे, ज्याचा क्लास आठवीपासून लागला आहे, ज्याला परीक्षेच्या आदल्या रात्री धार काढायला उठवत नाहीत, असं मूल. अपवाद असतात, आणि त्या अपवादांचेच फोटो पेपरात येतात. उसाच्या फडावर आईबापांबरोबर गेलेल्या मुलाचा विचार करा. हंगाम नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्चच्या आसपास संपतो, दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला. त्या मुलाचे ५८ टक्के आणि माझ्या कॉलनीतल्या डॉक्टरांच्या मुलाचे ९३ टक्के यांत जास्त कष्ट कुठे आहेत हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. पण ५८ ला शाल नाही. त्याची झेरॉक्स संपर्क कार्यालयाच्या दारातूनच परत जाते.

आणि ते फ्लेक्सच्या कोपऱ्यातले बोटभर फोटो! त्यातला, किंवा जयंतीला आपण ज्यांना हार घालतो त्यातला, कोण या अटीत बसला असता? कर्मवीर भाऊराव पाटील इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाहीत, मॅट्रिकही झाले नाहीत. पद्माळ्याच्या वसंतदादा पाटलांचं शिक्षण सातवीपर्यंत. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण १९३२ साली शाळकरी वयात अठरा महिन्यांच्या शिक्षेवर तुरुंगात गेले, मॅट्रिक झाले ते १९३४ साली. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत गेले ते दीड दिवस, असं आपण जयंतीला मोठ्या कौतुकाने सांगतो. कौतुक कसलं? तो दीड दिवस म्हणजे या भूमीवरचा ठपका आहे. तेव्हा कमी शिकण्याचा मी गौरव करत नाही. मी एवढंच दाखवतो आहे की ज्यांच्या नावाने तुम्ही हार घालता, त्यांच्यापैकी एकालाही तुमच्या संपर्क कार्यालयाने दारात उभं केलं नसतं.

सत्कार कसा करावा याचा एक नमुना इतिहासात आहे आणि त्याचा धागा सातारपर्यंत येतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एक मुलगा दाखल झाला. शाळेच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकासमोर त्याचं नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून राज्य सरकार हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतं. पुढे कुटुंब मुंबईला गेलं आणि १९०७ साली मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला. गुण आजच्या अटीपासून कितीतरी दूर. तरी त्याच्या अभिनंदनाची सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले आणि सभेला हजर होते कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजी. म्हणजे सत्कार समारंभच. इथपर्यंत आपल्यासारखंच.

पण पुढचं बघा. केळूसकर त्या मुलाला बागेत वाचत बसलेला बघून आधीपासून ओळखत होते. सभेत त्यांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. त्या पुस्तकाचा प्रवास १९५६ च्या दीक्षाभूमीपर्यंत कसा झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगा इंटरपर्यंत पोचला आणि घरचे पैसे संपले. तेव्हा हेच केळूसकर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे गेले, मुलाला त्यांच्यापुढे उभं केलं आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. अध्यक्ष बोलेही हार काढून घरी गेले नाहीत. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव त्यांनी आणला, आणि महाडच्या चवदार तळ्याची वाट त्याच ठरावावरून जाते. आता एवढंच सांगा, गेल्या जूनमध्ये ज्यांनी चाळीस-पन्नास पोरांना शाली पांघरल्या, त्यांच्यातल्या कुणाला आज त्या पोरांपैकी एकाचं तरी नाव सांगता येईल?

कर्मवीरांची गोष्ट आमच्याकडे इतकी सांगितली जाते की ऐकणाऱ्याचे कान बधिर झालेत, म्हणून तिच्यातलं एकच अंग घेतो. माणूस किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडला होता. काले गावात १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्याला आणली आणि सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह उभं केलं. १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. घरात दाणा नव्हता तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून पोरांना जेवू घातलं, मंगळसूत्रसुद्धा राहिलं नाही. बायका दळण दळताना मूठभर धान्य बाजूला टाकायच्या, त्याचा मुष्टिफंड व्हायचा, त्यावर बोर्डिंगातली चूल पेटायची. या सगळ्यात निकालाचा प्रश्न कुठे आला? मूल हुशार आहे की नाही हे ठरायच्या आधीच त्याला जेवायला घातलं होतं. मूठभर ज्वारी टाकणाऱ्या बाईने 'माझा फोटो कुठे लावणार' असं विचारलं असेल असं मला वाटत नाही.

सगळा फरक या 'आधी'चा आहे. सत्कार निकालानंतर होतो. तेव्हा धोका संपलेला असतो, खर्च दुसऱ्याने केलेला असतो, कष्ट दुसऱ्याने उपसलेले असतात. आपल्याला फक्त शेजारी उभं राहायचं असतं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं होतं, तेव्हा त्यांना दारोदार मदत मागावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले आणि कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे कर्ज फेडायला त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. बैलगाड्यांचा अभिमान आम्ही अजून सांगतो. त्या गाड्यांमागे आलेल्या गर्दीने आधी प्रत्येकी एक रुपया दिला असता तर घर गहाण पडलं नसतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

आजचा हिशेबही काढू. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी खिरखंडी नावाची वस्ती आहे. तिथल्या मुली स्वतः नाव वल्हवत पाणी ओलांडायच्या आणि मग जंगलातून चालत शाळेला जायच्या. बातम्या आल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाने! ज्या जिल्ह्यात दर जूनला एवढ्या शाली वाटल्या जातात, तिथे एका वस्तीच्या मुलींना शाळेपर्यंत पोचवायचा विषय हायकोर्टापर्यंत जावा लागला. वल्हं मारून शाळा गाठणाऱ्या पोरीला ६१ टक्के पडले तर ती कुठल्या यादीत येते? सांगलीच्या पूर्वेला जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथलं पोर दहावी झाल्यावर ज्या भाषेत शिकलं त्या भाषेचं पुढचं कॉलेज शोधत सीमेपलीकडे बघतं. त्याला सांगलीच्या मंचावर कुणी बोलावत नाही, आणि मग ती गावं कर्नाटकात जायची भाषा बोलली की आम्हाला अस्मितेचा झटका येतो. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, योजना चांगली आहे. पण पास असून उपयोग काय, सकाळची गाडीच रद्द झाली तर? डेपोत जाऊन वेळापत्रकासाठी भांडणारा एकही इच्छुक मी बघितलेला नाही. भांडण्याचा फोटो चांगला येत नाही, हे खरं.

सांगलीत २०१९ चा महापूर आला तेव्हा नगर वाचनालयात पाणी शिरलं, जुन्या ग्रंथांचा चिखल झाला. शहराला विद्यार्थ्यांची खरोखर चाड असती तर पाणी ओसरल्यापासून पुढची दोन वर्षं तरी सत्काराचा पैसा सगळा तिकडे वळला असता. वळला नाही. फ्लेक्स वाळत टाकावा लागत नाही, पुस्तकं वाळत टाकावी लागतात.

इथे एक जड गोष्ट लिहावी लागते. जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात बारावीत शिकणारी एक मुलगी गेली. नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून वडिलांनी केलेल्या मारहाणीत ती गेली, असा गुन्हा दाखल झाला. वडील स्वतः मुख्याध्यापक. या मुलीला दहावीत नव्वदच्या वर टक्के होते. म्हणजे आपल्या सगळ्या अटींत बसणारी. त्या घरात काय घडलं त्याचा दोष मी कुठल्याही समारंभावर टाकत नाही, तेवढा मूर्ख मी नाही. पण नव्वद टक्के मिळाले की मूल घराची, भावकीची, गावाची पत होऊन बसतं, हे आम्ही सगळ्यांनी मिळून माइकवरून शिकवलेलं आहे. पत वाढवायची असते, घटली तर सहन होत नाही. त्या आठवड्यात सत्कार थांबले नव्हते. एका मंचावर मी विषय काढला, तर शेजारचे गृहस्थ कानाशी लागले, "सर, शुभकार्यात नको."

याच मंचांवरून पोरांना डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, कलेक्टर व्हा असा आशीर्वाद मिळतो. फी किती ते सांगत नाहीत. सातवी शिकलेल्या वसंतदादांनी मुख्यमंत्री म्हणून १९८३ साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. पोरं कर्नाटकात डोनेशन भरून शिकायला जात होती, ती इथेच शिकावीत हा हेतू. हेतूबद्दल मी शंका घेत नाही. पण चाळीस वर्षांनंतर स्थिती अशी आहे की मंचावरचा एखादा संस्थाचालक ज्या मुलाच्या खांद्यावर शाल टाकतो, त्याच्याच बापाकडून ऑगस्टमध्ये फीचा पहिला हप्ता घेतो. सवलत विचारली की कार्यालयात भेटा म्हणतात. कार्यालयात गेलं की साहेब बाहेर असतात, बहुतेक दुसऱ्या सत्काराला.

ज्ञातीच्या संस्थांबद्दल एकच वाक्य पुरे: कर्मवीरांनी सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली त्याच साताऱ्यात आता गुणवंतसुद्धा आम्ही जातवार वेगळे काढतो. क्लासवाल्यांबद्दल तेवढंही नको, एकच पोर चार फ्लेक्सवर 'आमचा विद्यार्थी' म्हणून झळकतं तेव्हा त्याला खरं शिकवणारी झेडपीची बाई कुठल्याच फ्लेक्सवर नसते.

"मग काय करायचं, सर? टीका सोपी असते." हा प्रश्न मला हमखास येतो आणि विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. तरी देतो. सरकारने २०२३ साली पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत यादीत आलेल्या पोराला वर्षाला ५,००० रुपये ठरवले, आठवीला ७,५००. केंद्राच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती योजनेत नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट खात्यावर येतात, आणि ती उत्पन्नाची अट घालून गरजू घरातल्या पोरांनाच मिळते. फार मोठ्या रकमा नाहीत, पण त्यांना हार-तुरे लागत नाहीत आणि त्यांनी वह्या येतात. या परीक्षांना झेडपीची शिक्षकमंडळी सुट्टीत जादा तास घेऊन पोरं बसवतात. नगरपालिकेला गौरव करायचा असेल तर या आकड्यांत आपली भर घालावी. अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी ठेवावी, तिथे दिवे आणि मुलींसाठी संडास चालू असावेत. वसतिगृहाची एक खोली वाढवावी. पुरवणी परीक्षेला बसणाऱ्या पोरांसाठी जूनमध्ये मोफत वर्ग काढावा. त्या एका महिन्यात त्यांना कुणीच वाली नसतो. नापासांचा सत्कार वगैरे थिल्लरपणा मात्र कुणी करू नये, तोही फोटोसाठीच होईल. आणि ज्यांना सत्कारच करायचा आहे त्यांनी खुशाल करावा, पण तीच पोरं तीन वर्षांनी पुन्हा बोलावून किती जण शिकत राहिले, किती जणांनी फीपायी सोडलं, मुलींपैकी किती जणींची लग्नं उरकली, याची यादी त्याच माइकवर वाचून दाखवावी. एक आयोजक मला म्हणाले, "सर, अशी यादी कोण वाचणार? लोक उठून जातील." जातील. पहिल्यांदा मंचावरचेच जातील.

आता प्रशासक गेले आहेत. सातारा पालिकेची निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली, सांगली-मिरज-कुपवाडची १५ जानेवारी २०२६ ला. सांगलीत ७८ नगरसेवक आहेत. 'भावी' होते ते 'विद्यमान' झाले, त्यामुळे पुढच्या निकालानंतर शालींचा भाव वाढणार. अंदाजपत्रक निकालाच्या आधी मांडलं जातं, दहावीची परीक्षाही त्याच सुमारास चालू असते. ज्या पोरीची अकरावीची फी भरली जाणार नाही ती तेव्हा पेपर लिहीत असते, तिचे टक्के अजून कुणाला माहीत नसतात. तिच्यासाठी काय तरतूद आहे ते त्या सभेत, तिच्या निकालाआधी सांगा. आकडा अंदाजपत्रकाच्या पानावर दाखवा. तो आकडा असेल तर जूनमध्ये बोलवा, मी स्वखर्चाने येतो आणि मागच्या रांगेत बसतो.